बापाची मराठी, लेकाची उर्दू

मध्यंतरी आमच्या तालुक्याच्या गावी समाजाचा एक मेळावा झाला. विषय ठेवला होता 'बाप-लेकातील वाढते अंतर'. व्यासपीठावर एक मौलाना, एक डॉक्टर, एक निवृत्त अधिकारी आणि रिकामी खुर्ची भरायला म्हणून आम्ही, उर्दू शाळेचे मास्तर. प्रत्येकाने आपापले निदान सांगितले. मोबाईल वाईट, संगत वाईट, सिनेमा वाईट, दीनपासून दूर गेलेली पोरे वाईट. उपाय मात्र सगळ्यांचा एकच निघाला, संवाद साधा. मौलानांनी त्याला 'बाहमी गुफ्तगू' म्हटले, डॉक्टरांनी 'कम्युनिकेशन'. पहिल्या दोन रांगांत बसलेले साठी-सत्तरीचे बाप माना डोलवीत होते. त्यांत आमचे वडीलही होते. घरी परतताना त्यांनी विचारले, "बाहमी म्हणजे काय रे?"

बाप-लेकांनी एकमेकांशी बोलावे हे सांगायला सभा घ्यायची, आणि ती अशा भाषेत घ्यायची की सभेला आलेल्या निम्म्या बापांना तिचे शीर्षकही कळू नये! आम्ही त्या दिवशी व्यासपीठावर बसून गप्प राहिलो. आता जे लिहीत आहोत ते तिथे बोलायला हवे होते.

आमचे म्हणणे असे की, आमच्या घरांतले बाप-लेकाचे अंतर मोबाईलने पाडलेले नाही. ते मोबाईल यायच्या आधीपासूनचे आहे. आमच्या घरात चार पिढ्या झाल्या आणि चार लिप्या. आमचे आजोबा गावचे मुलाणी. जत्रेला बकरी कापायची, सुगीला शेतकऱ्यांकडून बलुते आणायचे. त्यांना मोडी वाचता येत होती. वडील जुन्या अकरावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, देवनागरीत. आम्ही पहिलीपासून बी.एड.पर्यंत उर्दूवाले. आणि आमचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो, त्याला ए-बी-सी-डीखेरीज धड काही वाचता येत नाही. मोडी सगळ्या महाराष्ट्राचीच गेली, तिची तक्रार आम्ही करीत नाही. पण पुढच्या तीन पिढ्यांचे काय? एका छपराखाली तीन पिढ्या राहतात आणि एकाने लिहिलेला कागद दुसऱ्याला वाचता येत नाही. हाकही बदलली. वडील आपल्या वडिलांना 'आबा' म्हणत. आम्ही 'अब्बा' म्हणतो. आमचा मुलगा आम्हाला 'पप्पा' म्हणतो. प्रत्येक पिढीला वाटले की आपण मागच्या पिढीपेक्षा सुधारलो.

अब्बांविषयी थोडे सांगणे भाग आहे. ते छापखान्यात कंपोझिटर होते. १९७६ साली कामाला लागले ते २००४ साली प्रेस बंद होईपर्यंत उभे राहून खिळे जुळवत राहिले. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिले, सोसायटीचे अहवाल, एका स्थानिक साप्ताहिकाची चार पाने. अक्षर उलटे वाचायची सवय इतकी की ट्रेडलवर चढलेल्या फर्म्यात वेलांटी चुकली तर ती त्यांना कागद छापायच्या आधी दिसे. तालुक्यातले मराठीचे मास्तर आपल्या कवितासंग्रहाचे प्रूफ अब्बांकडून तपासून घेत. अनुस्वार कुठे द्यायचा, कुठे नाही, यावर ते भांडत. आणि या माणसाचा मुलगा मराठीत रजेचा अर्ज लिहिताना तीनदा खोडत असे. हे आमचे आत्मचरित्र नव्हे. आमच्या पिढीच्या अनेक शिक्षकांनी आपल्या घरात डोकावून पाहावे, हेच सापडेल.

आता दोन्हीकडचे लोक लगेच आपापला निष्कर्ष काढायला टपलेले असतात. त्यांची एकेकदा वाट अडवू.

पहिले आमचे मराठी सुहृद. ते अब्बांवर फार प्रेम करतात. पायजमा, पांढरी टोपी, अस्सल मराठी, मोहरमच्या डोल्याला खांदा, गणपतीच्या पत्रिकेचे प्रूफ फुकट. "मुसलमान असावा तर असा," असे त्यांच्या तोंडावर म्हटले जाते. मग नजर आमच्याकडे वळते. दाढी, कुर्ता, उर्दू शाळा. बोलणारा बोलत नाही, पण आम्हाला ऐकू येते. बाप चांगला मुसलमान आणि लेक संशयित, अशी ही वाटणी आहे. आम्ही विचारतो, हा दाखला वाटायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? बापाचा गौरव करून लेकाला खाली पाहायला लावणे हाही बाप-लेकात पाचर मारण्याचाच प्रकार आहे. आणि 'तुमच्या बापासारखे व्हा' असे परक्याने सांगितलेला कोणता तरुण बापासारखा झाला आहे?

शिवाय या सुहृदांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आम्हाला सांगायची आहे. आम्हाला उर्दू शाळेत कोणत्या मुल्ला-मौलवीने घातले नाही. याच मराठी बोलणाऱ्या, टोपीवाल्या, चांगल्या मुसलमानाने घातले. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पाडली गेली, मुंबईत डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये दंगली झाल्या. आमच्या गावात काही जळले नाही. पण आमचे थोरले भाऊ तेव्हा तिसरीत, मराठी शाळेत होते. एक दिवस ते फाटलेले दप्तर घेऊन घरी आले. वर्गातल्या मुलांनी आमच्या जातीला जी शिवी देतात ती दिली होती. ती इथे लिहीत नाही, वाचकांना माहीत आहे. मुलांचे एवढे वाटले नाही, मुले घरात ऐकतात तेच बोलतात. पण वर्गात गुरुजी होते, आणि गुरुजी हसले. थोरल्यांना अब्बांनी त्याच शाळेत ठेवले, अर्ध्यावर काढून काय करणार? १९९५ च्या जूनमध्ये आमची पाळी आली तेव्हा आमचे बोट धरून मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत नेले. उर्दूचे एक अक्षर न येणाऱ्या बापाने. म्हणून 'तुम्ही मुख्य प्रवाहात का येत नाही' हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी त्या गुरुजींच्या हसण्याचा पत्ता आधी शोधावा.

हे कारण आम्हाला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हते. अब्बांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. आम्ही समजत होतो की आम्ही उर्दू शिकलो कारण मुसलमान उर्दू शिकतात.

हाच समज आमच्या लोकांनी आमच्या डोक्यात भरला, आणि आता त्यांच्याकडे वळू. उर्दू म्हणजे मुसलमानांची भाषा आणि मराठी म्हणजे बापाच्या अडाणीपणाची खूण, हे आम्ही शाळेत शिकलो. कोणी पुस्तकातून शिकवले नाही, पण शिकलो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख आहेत. मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे ७५ लाख. मधली पन्नास लाखांहून अधिक माणसे घरात काय बोलतात? कोणी मराठी, कोणी कोकणी, कोणी हिंदी, कोणी आणखी काही. ती सगळी कच्ची मुसलमान समजायची काय? बंगाली मुसलमानांनी २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्याच्या रस्त्यावर रक्त सांडले ते बांगला भाषेसाठी, आणि त्यांच्यावर जी लादली जात होती ती उर्दू होती. वैकम मुहम्मद बशीर मल्याळममध्ये लिहून गेले. इकडे प्रेमचंदांनी लेखनाची सुरुवात उर्दूत केली, फिराक गोरखपुरी जन्मभर उर्दूत लिहीत राहिले. भाषेला सुंता नसते. आमच्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदाने सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. आमच्या आजोबांनी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा आवाज ऐकला होता आणि ते सांगताना मरेपर्यंत त्यांच्या अंगावर काटा येई. हे आम्हाला कोणत्या तासाला शिकवले? कोणत्याच नाही.

बरे, आम्ही शिकलो ती उर्दू तरी बापाजवळ नेणारी होती काय? घरात आमचे लोक दखनी बोलतात. 'नक्को', 'हौ', 'कैकू'. मराठी आणि उर्दूची ही मिसळ आमच्या आजीच्या तोंडात होती, अम्मीच्या तोंडात आहे. शाळेने पहिले काम केले ते ही जीभ छाटण्याचे. 'नक्को' म्हटले की हातावर पट्टी. आम्ही मास्तर झालो तेव्हा आम्हीही तेच केले. आणि एवढ्यावर न थांबता एकदा पाहुण्यांसमोर अब्बांना म्हणालो, "अब्बा, 'मेरेकू नक्को' नहीं, 'मुझे नहीं चाहिए' कहिए." अब्बा गप्प बसले. त्या दिवसानंतर पाहुणे आले की ते मराठीच बोलू लागले किंवा बोलेनासे झाले.

ज्या लखनौ-दिल्लीच्या उर्दूसाठी आम्ही बापाला पाहुण्यांत लाजवले, त्या दिल्लीला उर्दू कविता करायचा नाद लागला तो औरंगाबादच्या वलीची दखनी गझल तिथे पोहोचल्यावर, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. वली १७०७ साली अहमदाबादेत वारले. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने 'किताब-ए-नवरस' दखनीत रचली. म्हणजे ज्या बोलीला आम्ही गावंढळ म्हणून पट्टी मारली ती आमच्या 'शुद्ध' उर्दूची आजी लागते. बी.एड.ला आम्हाला भाषाशिक्षणाच्या पद्धती शिकवल्या, परिभाषेसकट. मुलाच्या घरची बोली ही शाळेच्या भाषेची पहिली पायरी आहे हेही त्यात होते, त्यावर प्रश्न येई आणि आम्ही चांगले गुण घेतले.

दुसरी गोष्ट धर्माची आहे. ती बोलायला जड जाते, पण ती टाळून हा विषय पुरा होणार नाही. आमच्या भागात मोहरमला डोले निघतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी पाहायला दुरून माणसे येतात, हिंदूंचा त्यात मान असतो. अब्बांचे सगळे तारुण्य मोहरमच्या दहा रात्रींत गेले. आम्ही विशीत इज्तिमांना जाऊ लागलो, दोन पुस्तके वाचली आणि एके वर्षी अब्बांना सांगितले की हे सगळे बिदअत आहे. आमचा अभ्यास खोटा होता असे आम्ही आजही म्हणणार नाही. आम्ही डोल्याला जात नाही, उद्याही जाणार नाही. पण आमच्या तेव्हाच्या बोलण्यात दीन किती होता आणि बापापेक्षा आपण शहाणे असल्याची मस्ती किती होती, याचा हिशेब आम्ही नंतर केला. आम्ही ज्या ग्रंथांतून बिदअत शोधली, त्याच ग्रंथांत आई-बापाला 'उफ्' देखील म्हणू नका असे आहे. ते पान आम्ही भरभर उलटले होते. आमच्या तरुण दोस्तांना आमचे सांगणे आहे की, मत बदलायचे तर खुशाल बदला, पण ते बापाच्या तोंडावर फेकू नका. आणि बापांनाही सांगणे आहे की 'आमच्या बापजाद्यांनी केले म्हणून' हे उत्तर शिकलेल्या मुलाला पुरत नाही. त्या दहा रात्रींत तुम्हाला काय मिळत होते ते सांगा. अब्बांनी पुढे एकदा सांगितले, की ते आणि गावचे गुरव एकाच डोल्याखाली शेजारी शेजारी असत आणि दोघांनाही खांद्याला एकाच जागी घट्टे पडले होते. हे त्यांनी आधी सांगितले असते तर आम्ही डोल्याला गेलो नसतो, पण तसे बोललोही नसतो.

आता लग्नपत्रिका. हा लेख खरे तर तिच्यासाठीच लिहायला घेतला.

२०१५ साली आमचे लग्न ठरले. ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षे तालुक्याच्या लग्नपत्रिका जुळवल्या त्याच्या मुलाचे लग्न. आम्ही तेव्हा नुकते कायम झालो होतो. सहकारी म्हणाले, उर्दूच्या मास्तराची पत्रिका मराठीत? लोक हसतील. आम्हाला पटले. पत्रिका संगणकावर सुंदर नस्तालीकमध्ये बनवून घेतली, वर बिस्मिल्ला, खाली शेर, चारशे प्रती, एकही मराठी अक्षर नाही. गठ्ठा आणून अब्बांसमोर ठेवला. त्यांनी सवयीने कागदाची जात बोटांत चोळून पाहिली, शाई पाहिली, मग पत्रिका डावीकडून उघडली. आम्ही म्हणालो, उलटीकडून. त्यांनी उलटी केली. बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "अच्छी हई. मेरेकू पढने नई आता, तू प्रूफ देखा ना?" जन्मात पहिल्यांदा त्यांनी छापील कागद न वाचता वाटला, आणि तो आपल्याच मुलाच्या लग्नाचा.

त्यांचे दोस्त मराठी. प्रेसमधले जोडीदार, गुरव, सोसायटीचे सेक्रेटरी, पोस्टातले निवृत्त शिपाई. त्यांना त्यांनी पत्रिका कशी दिली असेल हे आम्हाला सुचलेही नाही. लग्नानंतर पाच वर्षांनी त्यांच्यातल्या एकाच्या घरी मयतीला गेलो होतो. कपाटाच्या काचेत आमची पत्रिका लावलेली दिसली, पाठ पुढे करून. मागच्या कोऱ्या बाजूवर अब्बांच्या हातचे बॉलपेनचे अक्षर होते. मुलाचे नाव, मुलीचे नाव, वार, तारीख, वेळ, ठिकाण, आणि शेवटी 'आपले आगमन प्रार्थनीय'. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की अशा साठ-सत्तर पत्रिका त्यांनी रात्री बसून हाताने लिहिल्या होत्या. आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत.

आम्हाला या ठिकाणी आमच्या वक्त्यांना विचारायचे आहे. यात मोबाईल कुठे आला? वाईट संगत कुठे आली? आम्ही नमाजी, निर्व्यसनी, बी.एड., सरकारी पगाराचे, बापाचे पाय चेपणारे चिरंजीव. मेळाव्यात ज्याला आदर्श पुत्र म्हणून हार घालाल तो हा. आणि या आदर्श पुत्राने बापाला त्याच्याच मांडवात निरक्षर करून ठेवले.

मग कोणी म्हणेल, उर्दू शाळा बंद करा, रोगच संपला. हे औषध सुचवणाऱ्यांना आमच्या बापाची काळजी नाही, आमच्या शाळेच्या जागेची आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे घटनेच्या ३५०-अ कलमात लिहिले आहे, अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा चालवायचा हक्क ३० व्या कलमात आहे, आणि आमच्या शाळेत जी मुलगी दहावीपर्यंत पोहोचते तिच्यापैकी किती मुली मोहल्ल्याबाहेरच्या शाळेत पाठवल्या गेल्या असत्या, हे आम्ही हजेरीपटावर रोज पाहतो. उर्दू आमची आहे आणि राहील. आमचे भांडण उर्दूशी नाही, उर्दू शाळेत मराठी ज्या पद्धतीने मारली जाते तिच्याशी आहे.

ती पद्धत अशी. मराठी आमच्याकडे दुसरी भाषा म्हणून आहे, पुस्तक आहे, तास आहे. २०२० साली कायदा होऊन राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण आमच्याकडे ती पूर्वीपासूनच होती. असून काय? मास्तर धड्याची ओळ वाचतो, तिचा उर्दूत अर्थ फळ्यावर लिहितो, मुले तो उतरवतात. निबंध पाठ, पत्र पाठ, परीक्षा पास. दहा वर्षांत मुलगा वर्गात एक वाक्य आपल्या मनाने मराठीत बोलत नाही. तो पोलीस भरतीला जातो, मैदानात पहिला येतो आणि मराठीच्या लेखी परीक्षेत बसतो. मग भेदभावाची तक्रार. भेदभाव आहेच, २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोकऱ्यांतले आमचे स्थान सगळ्या देशाला आकड्यांत दाखवले. पण या एका पेपरात नापास करणारे आम्हीही आहोत, मराठीचा तास घेणारे. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, महाराष्ट्रभर गदारोळ झाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या गदारोळात सगळे मराठी वाचवत होते. आमच्या वर्गातल्या मराठीची विचारपूस करायला कोणी आले नाही, आणि आम्हीही कोणाला बोलावले नाही.

बालभारतीचे चौथीचे 'शिवछत्रपती' आम्ही उर्दूतून शिकलो. एका संध्याकाळी आम्ही प्रतापगडाचा धडा मोठ्याने पाठ करीत होतो. अब्बा कामावरून आले, शब्द कळेनात, पण नावे कळली. ते तोच प्रसंग मराठीत सांगू लागले, अगदी पोवाड्याच्या ठेक्यात. दोघे एकच गोष्ट दोन भाषांत सांगत होतो. थोड्या वेळाने आम्ही म्हणालो, अब्बा थांबा, परीक्षेत असे लिहून चालत नाही. त्या संध्याकाळी शाळेने ते दोन्ही आवाज वर्गात बसवायची सोय ठेवली असती, तर पुढचे पुष्कळ टळले असते.

आमच्या सहकाऱ्यांना एक प्रश्न विचारला की ते आमच्याशी आठवडाभर बोलत नाहीत. समाजाने आपली मुले उर्दू शाळेत घालावीत म्हणून आपण मे महिन्यात दारोदार फिरतो, आपली स्वतःची मुले कुठे आहेत? आम्हीच आधी उत्तर देतो. आमचा मुलगा तिसरीत आहे, इंग्रजी शाळेत. टाय लावून जातो. कारण आम्हालाही भीती वाटली, जशी अब्बांना वाटली होती. त्यांची भीती अपमानाची होती, आमची मागे पडण्याची. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पण अब्बांच्या भीतीपायी आम्ही त्यांच्या अक्षराला मुकलो, आणि आमच्या भीतीपायी हा मुलगा दोघांच्याही अक्षराला मुकणार आहे. आम्ही उर्दूत लिहिलेल्या कथा घरात पडून आहेत. त्या वाचणारे आमच्या घरी कोणी नाही. अब्बांना आमची पत्रिका हातात घेऊन काय वाटले असेल ते आम्हाला आता थोडे थोडे कळते, कारण मुलगा आमचे मासिक उलटे धरतो.

(आयांविषयी इथे काही लिहिले नाही. आमच्या अम्मीला कोणत्याच लिपीत घातले गेले नाही. तो लेख आमच्या बहिणींनी लिहावा, आणि त्यात आम्हा बाप-लेकांना सोडू नये.)

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, बाजार बंद, आम्ही सगळे घरात. अब्बांनी माळ्यावरून एक पेटी काढली. प्रेस बंद पडली तेव्हा मालकाने पगाराच्या थकबाकीपोटी दिलेले लाकडी खिळे त्यात होते, हँडबिलाच्या मथळ्याचे, हाताएवढे. नातू तीन वर्षांचा, तो त्यांची घरे बांधू लागला आणि अब्बा त्याला सांगू लागले, हा क, हा म. आम्ही शेजारी मोबाईलवर उर्दूचे ऑनलाईन तास घेत होतो. एक दिवस तास संपल्यावर अब्बा म्हणाले, ते तुझे अलिफ-बे मलाही दाखव.

त्रेसष्टाव्या वर्षी ते अलिफला बसले. दहा दिवसांत त्यांनी कंपोझिटरचे निदान केले. एकाच अक्षराला डोके वेगळे, पोट वेगळे, शेपूट वेगळी, आणि वर अक्षरे तिरपी उतरत येतात, मग याची केस बनवायची कशी, खाने किती ठेवायचे? आम्ही सांगितले की म्हणूनच उर्दूची वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत, १९८१ साली नूरी नस्तालीक संगणकावर आले तोवर. अब्बांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अरे, मग आम्ही खिळे जुळवणारे तर चैनीत होतो." त्या कातिबांविषयी त्यांना एवढा आदर वाटला की ते दर दोन दिवसांनी त्यांच्याविषयी विचारू लागले. आणि आमचा मराठीचा धडा रोज रात्री, त्यांच्या हाताखाली. वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायचा, आपल्या मनाने पाच वाक्ये लिहायची. पट्टी नव्हती, पण ते चुकीभोवती पेन्सिलीने जो गोल काढीत तो पुरेसा होता. त्याच दिवसांत १९९३ च्या फाटक्या दप्तराची गोष्ट निघाली. 'विकल्प' हा शब्द आला होता, वाक्यात उपयोग करा म्हणून. त्यांनी वाक्य सांगितले ते त्या शाळेचे.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही मुख्याध्यापकांना सुचवले की शनिवारी शेवटच्या तासाला मोहल्ल्यातले मराठी शिकलेले म्हातारे बोलावू. मुलांनी त्यांना मराठी वाचून दाखवायची, त्यांनी चुका काढायच्या, आणि मुलांनी त्यांना अलिफ-बे शिकवायचे. खर्च शून्य. मुख्याध्यापक म्हणाले, तपासणीला साहेब आले तर हे कोणत्या रकान्यात दाखवायचे? एक विश्वस्त म्हणाले, उर्दू शाळेत मराठीचे स्तोम वाढवताय, लोक काय म्हणतील? शेवटी शाळा सुटल्यावर, शाळेच्या ओट्यावर, आमच्या जबाबदारीवर सुरू केले. पाच म्हातारे येतात. एक एस.टी.चे ड्रायव्हर होते, एक गवंडी. गवंडीचाचा येतात ते मुख्यत्वे चहासाठी, हेही खरे. पण त्यांचा मुलगा दुबईहून उर्दूत निरोप पाठवतो तो ते आता शेजारच्या पोराला न देता स्वतः वाचतात, अर्धा तास लागला तरी. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत शिकलेला आहे. त्याला आम्ही कळवले की मराठीतही चार ओळी लिहीत जा. त्याने उत्तर दिले, सर, तुम्ही शिकवली असती तर लिहिल्या असत्या.

मेळावे घेणाऱ्यांना आमची विनंती आहे, पुढच्या वर्षी व्यासपीठ, हार, शाल यांचा खर्च वाचवा. लग्नाच्या हंगामापूर्वी मोहल्ल्यात एवढेच ठरवा की पत्रिका दोन्ही लिप्यांत निघेल आणि बापाने वाचल्याशिवाय छापायला जाणार नाही. मराठी साहित्याच्या आमच्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आम्ही वर्षाचे होतो. तेव्हापासून तुम्ही मराठीत लिहून आमच्यासाठी फार भांडलात. पण तुमची पुस्तके आमच्या उर्दू शाळांच्या ग्रंथालयात नाहीत, आणि आमचे उर्दूतले लिहिणे तुमच्या संमेलनात नाही. घरातले जे अंतर आहे तेच मांडवातही आहे. कोणी आधी उठून जायचे यावर रुसून बसू नका. आम्ही हा लेख मराठीत लिहून उठलो आहोत.

या लेखाचे प्रूफ अब्बांनी पाहिले. एक्केचाळीस ठिकाणी पेन्सिलीचे गोल होते, त्यांतले सदतीस आम्ही मुकाट मान्य केले. तीन ठिकाणी वाद झाला आणि शब्दकोश काढावा लागला. एकेचाळिसावा गोल लग्नपत्रिकेच्या सबंध मजकुराभोवती होता आणि बाजूला लिहिले होते, 'हे काढावे, घरातली गोष्ट आहे.' खाली सही मात्र उर्दूत होती, 'बे'खालचा नुक्ता राहून गेलेला. तो आम्ही भरला. मजकूर काढला नाही.